शेंद्रा, बिडकीन आणि समृद्धीच्या भोवती लहान उद्योग उभा करताना

वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे पुरवठादार आले, त्या पुरवठादारांना जॉबवर्क (त्यांच्या तुकड्यांवर मजुरीने करायचे काम) करून देणारी दोन-तीन लेथची मशीन शॉप आली, आणि मग खानावळी, टेम्पोवाले, पॅकिंगचे खोके बनवणारे, गणवेश शिवणारे असे करत आजचे वाळूज उभे राहिले. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात आता तशीच दुसरी लाट आली आहे. दिल्ली–मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधील शेंद्रा आणि बिडकीन ही दोन क्षेत्रे मिळून सुमारे दहा हजार एकरांचे ‘ऑरिक’ उभे राहत असून, त्यांपैकी शेंद्र्याचे उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले, तर ७,८५५ एकरांचे बिडकीन क्षेत्र सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रार्पण करण्यात आले. शेंद्र्यात ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना चालू आहे, आणि बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्कर, एथर एनर्जी, जेएसडब्ल्यू आणि लुब्रिझॉल यांनी प्रकल्प जाहीर केले आहेत. त्यात ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची भर पडली. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला.

हा लेख या परिसरात पहिल्यांदाच धंदा सुरू करणाऱ्यांसाठी, म्हणजे पाच ते तीस लाख रुपयांच्या भांडवलात वर्कशॉप, पॅकिंग, कॅन्टीन, वाहतूक किंवा खाद्यप्रक्रिया यांपैकी काही करू पाहणाऱ्यांसाठी आहे. मोठा कारखाना आला की लहान धंद्याला काम आपोआप मिळेल, अशी समजूत घेऊन अनेक तरुण बिडकीनच्या रस्त्यावर शेड उभे करताना मी पाहतो आणि मला त्यांची काळजी वाटते. काम मिळते ते प्रामुख्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीत, म्हणजे कंपनीच्या पुरवठादारांना तुकडे आणि मजुरीचे काम पुरवणाऱ्यांत. ते कागदपत्रे पूर्ण असलेल्याला मिळते आणि पैसे उशिरा आले तरी तीन महिने तग धरू शकणाऱ्याकडेच टिकते. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी पहिली: पैसा सध्या कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहा

औद्योगिक क्षेत्र उभे राहते तेव्हा पैसा दोन वेगवेगळ्या टप्प्यांत येतो, आणि नवख्या माणसाची पहिली चूक हे दोन टप्पे एकच समजण्यात होते. पहिला टप्पा बांधकामाचा. त्यात पाण्याचे टँकर, जेसीबी, मजुरांचे जेवण, मजुरांसाठी भाड्याच्या खोल्या, सेंट्रिंगचे साहित्य, सुरक्षा बूट आणि हेल्मेट, तात्पुरते कुंपण, साइट ऑफिसचे फर्निचर अशा गोष्टींना मोठी मागणी असते. हे काम ठेकेदाराकडून आणि उपठेकेदाराकडून मिळते, त्याला फारशी कागदपत्रे लागत नाहीत, पण इमारत पूर्ण झाली की ते एका आठवड्यात थांबते. दुसरा टप्पा उत्पादनाचा. त्यात जॉबवर्क, लाकडी पॅलेट, खोके, फिक्स्चर आणि जिग (मशीनवर तुकडा पकडून ठेवणारी साधने), मशीनची देखभाल, कॅन्टीन, कामगारांची ने-आण, धुलाई, भंगार उचलणे ही कामे येतात. ती उशिरा सुरू होतात, पण वर्षानुवर्षे चालतात.

बांधकामाच्या टप्प्यासाठी कर्ज काढून जेसीबी किंवा टँकर घेत असाल, तर त्याचा हप्ता बांधकाम संपण्याच्या आत फिटेल का, हा हिशेब आधी मांडावा. पाच वर्षांचे कर्ज आणि दीड वर्षाचे काम यांची सांगड बसत नाही. खानावळीचे मात्र वेगळे आहे. मजुरांना जेवण देणारी खानावळ पुढे कामगारांना जेवण देऊ शकते, त्यामुळे बांधकामाच्या काळात सुरू करून उत्पादनाच्या काळात स्थिरावण्यासारखा हा धंदा आहे. त्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी पहिल्या दिवसापासून करून ठेवावी, कारण कारखान्याच्या कॅन्टीनच्या चौकशीला तीच पहिली मागितली जाते.

रस्त्याच्या बाबतीतही असाच फरक समजून घ्यावा लागतो. समृद्धी हा प्रवेश-नियंत्रित महामार्ग आहे. त्याच्या कडेला ढाबा टाकता येत नाही, दुचाकी आणि रिक्षांना त्यावर परवानगी नाही, आणि वाहन फक्त इंटरचेंजवरच खाली उतरते. म्हणून महामार्गापासून शंभर मीटरवर असलेल्या शेताला ग्राहक मिळत नाही, तर सावंगी, माळीवाडा, वैजापूरजवळचे जांबरगाव किंवा जालन्याजवळचे निधोना अशा इंटरचेंजच्या तोंडाशी असलेल्या जागेला तो मिळू शकतो. जुन्या रस्त्यावरच्या ज्या हॉटेलांचा गल्ला लांब पल्ल्याच्या वाहनांवर अवलंबून होता, त्यांचा ग्राहक वर निघून गेला. जागा घेण्यापूर्वी इंटरचेंजच्या उताराजवळ एक शनिवार आणि एक मंगळवार प्रत्यक्ष उभे राहून किती वाहने उतरतात आणि ती कोणत्या दिशेला वळतात हे मोजावे. दलालाच्या तोंडच्या आकड्यापेक्षा वहीतला तो आकडा उपयोगी पडेल.

पायरी दुसरी: कागदपत्रे, काम मागायला जाण्याच्या आधी

पहिला कागद उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योग म्हणून होणाऱ्या सरकारी नोंदणीचा. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या आधारे होते आणि पूर्णपणे मोफत असते. तरी त्यासाठी हजार-दोन हजार रुपये घेणारे लोक भेटतात, त्यांना पैसे देऊ नयेत. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गटात, तर पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंतचा उद्योग लघु गटात मोडतो, म्हणजे या लेखाचे बहुतेक वाचक सूक्ष्म गटात येतील. नोंदणी करताना तुमच्या कामाचा प्रकार अचूक निवडा. माल बनवणारा माणूस घाईने ‘व्यापार’ निवडून बसला, तर उशिरा मिळणाऱ्या पैशांविरुद्ध कायद्याने दिलेले संरक्षण त्याला मिळत नाही, कारण ते उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, व्यापाऱ्यांना नाही.

त्याच्या जोडीला जीएसटी नोंदणी, धंद्याच्या नावाचे चालू खाते, जागेचा नोंदणीकृत भाडेकरार आणि धंद्याच्या स्वरूपानुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हे कागद लागतात. नुसत्या वेल्डिंग-कटिंगच्या शेडची गोष्ट निराळी, पण पावडर कोटिंगपूर्वीची रासायनिक धुलाई, पिकलिंग (आम्लाने गंज काढणे) किंवा प्लेटिंग (धातूचा मुलामा) करायचे असेल, तर सांडपाण्याचा प्रश्न येतो आणि संमतीशिवाय मशीन बसवणे म्हणजे नंतर शेड बंद पडण्याची पाळी ओढवून घेणे होय. कामगार दहा झाले की राज्य कामगार विमा आणि वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. मोठ्या कंपनीचा पुरवठादार हे भरणा-चलन दर महिन्याला मागतो, त्यामुळे त्याचा खर्च दर ठरवतानाच धरावा.

आणखी एक चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करायची आहे. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे औद्योगिक मागासलेपणानुसार गट केलेले असून वीज शुल्क, मुद्रांक शुल्क, व्याज आणि भांडवली अनुदान यांतील सवलती त्या गटावर ठरतात. एकाच जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांना वेगळ्या सवलती असू शकतात. म्हणून जागा ठरवण्याच्या आधी, भाडेकरारावर सही करण्याच्या आधी, या केंद्रात जाऊन आपल्या तालुक्याचा गट आणि अर्जाची मुदत लेखी समजून घ्यावी. मशीन बसवल्यावर केलेला अर्ज बऱ्याच वेळा कामाचा राहत नाही.

पायरी तिसरी: जागा भाड्याने घ्या

नवख्या उद्योजकाने पहिल्या तीन वर्षांत प्लॉट विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या परिसरात प्रकल्प जाहीर होतात त्या परिसरात जमिनीचे भाव कारखाना सुरू होण्याच्या कितीतरी आधी चढतात, आणि जमिनीत अडकलेला पैसा मशीनला आणि कच्च्या मालाला कमी पडतो. चिकलठाणा किंवा वाळूजमध्ये एखाद्या गाळ्याचा अर्धा भाग भाड्याने घेऊन सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण तिथे हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, टूल दुरुस्ती, कच्च्या मालाचे दुकान हे सगळे दहा मिनिटांच्या अंतरावर असते, आणि तेथून शेंद्रा किंवा बिडकीनला माल पोहोचवता येतो. फक्त एक खबरदारी घ्यावी. औद्योगिक विकास महामंडळाच्या प्लॉटवरचा गाळा पोटभाड्याने देण्यासाठी मूळ मालकाने महामंडळाची परवानगी घ्यावी लागते. ती घेतली आहे का, हे भाडे ठरवण्यापूर्वी विचारा, कारण परवानगी नसलेल्या पत्त्यावर बँकेचे कर्ज आणि वीजजोडणी दोन्ही अडकतात.

ज्यांच्या घरात जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आले आहेत, त्यांना एक विनंती आहे. ते पैसे पिढीतून एकदाच येतात. त्यातला एक भाग धंद्यात घाला, पण सगळे एका मशीनमध्ये घालू नका, आणि पहिल्या वर्षी घरखर्च धंद्यातून निघेल असे धरू नका.

पायरी चौथी: पहिले काम दुसऱ्या फळीतून मिळवा

मोठी कंपनी थेट तुमच्याकडून ब्रॅकेट विकत घेत नाही. ती पहिल्या फळीच्या पुरवठादाराकडून पूर्ण जुळणी झालेला भाग घेते, तो पुरवठादार दुसऱ्या फळीकडून तुकडे घेतो, आणि दुसऱ्या फळीतला माणूस ड्रिलिंग, टॅपिंग, बफिंग, पॅकिंग अशी कामे तिसऱ्या फळीला देतो. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला पाठवलेल्या पत्राला उत्तर येत नाही म्हणून निराश होऊ नये. तुमचे गिऱ्हाईक त्या कंपनीच्या दारात नाही, तर तिच्या पुरवठादाराच्या दारात आहे. मराठवाड्यातील सीएमआयए आणि मसिआ या उद्योजकांच्या संघटनांचे सभासद होणे, त्यांच्या बैठकांना जाणे, आणि वाळूज-चिकलठाण्याच्या गल्ल्यांत स्वतः फिरून कोणाकडे क्षमतेपेक्षा जास्त काम आहे हे शोधणे, यातून पहिले काम मिळते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जा. तेव्हा पुरवठादारांवर माल पूर्ण करण्याचा ताण असतो आणि नवीन माणसाला एखादे छोटे काम देऊन पाहण्याची त्यांची तयारी असते.

पहिले काम नमुन्याचे असते, आणि त्यात चुका कशा होतात हे एका उदाहरणाने सांगतो. माझ्या ओळखीच्या एका तरुणाला दोनशे ब्रॅकेटचे काम मिळाले होते. प्रत्येक ब्रॅकेटला साडेआठ मिलिमीटरची दोन भोके होती आणि त्या मापात कमी-जास्त होण्याची सूट फारच थोडी होती. त्याने ड्रिलिंग नीट केले, गो–नो गो गेज (ज्याची ‘गो’ बाजू भोकात जायला हवी आणि ‘नो गो’ बाजू जाता कामा नये असे मापक) लावून प्रत्येक भोक तपासले, मग माल पावडर कोटिंगला पाठवला आणि चकचकीत काळे ब्रॅकेट घेऊन पुरवठादाराकडे गेला. तिथल्या तपासनिसाने तोच गेज लावला, तर ‘गो’ बाजूच आत जाईना. पावडर कोटिंगचा थर साधारण साठ ते ऐंशी मायक्रॉनचा असतो. भोकाच्या समोरासमोरच्या दोन्ही बाजूंनी तो चढतो, म्हणजे भोकाचा व्यास बारा ते सोळा शतांश मिलिमीटरने कमी होतो. ड्रॉइंगवरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘मापे कोटिंगनंतरची’ असे लिहिलेले होते आणि ते त्याने वाचले नव्हते. दोनशेच्या दोनशे ब्रॅकेट परत आले, रीमर (भोक मापात आणायचे हत्यार) घेऊन रात्रभर चारशे भोके साफ करावी लागली, आणि त्या कामात नफा राहिला नाही.

म्हणून ड्रॉइंग हातात आल्यावर चार प्रश्न लिहून विचारावेत: मापे कोटिंग किंवा हीट ट्रीटमेंटच्या आधीची की नंतरची, कच्चा माल कोणत्या ग्रेडचा आणि त्याचे प्रमाणपत्र कोण देणार, तपासणी कोणत्या गेजने होणार, आणि नापास झालेला माल दुरुस्त करायचा की भंगारात घालायचा. उत्तरे ई-मेलने घ्यावीत. फोनवर मिळालेले उत्तर वादाच्या वेळी कोणालाही आठवत नाही. पहिला तुकडा मंजूर करून घेतल्याशिवाय बाकीचे काम सुरू करू नये, आणि मंजूर तुकड्यावर सही-तारीख घेऊन तो आपल्याकडे जपून ठेवावा.

दर ठरवताना शेजारच्या गाळ्याचा दर विचारून त्याच्यापेक्षा दोन रुपये कमी लावण्याची पद्धत धंदा बुडवते. मशीनचा तासाचा दर काढा. मशीनचा हप्ता, भाडे, वीज, ऑपरेटरचा पगार, टूल आणि देखभाल यांची महिन्याची बेरीज करून तिला मशीन प्रत्यक्ष चालणाऱ्या तासांनी भागा. कागदावर महिन्याला दोनशे तास दिसत असले, तरी वीज जाणे, सेटिंग, सणासुदीच्या सुट्ट्या आणि कामाची वाट पाहणे वजा करता सुरुवातीला सव्वाशे ते दीडशे तास मिळाले तरी पुष्कळ झाले.

पायरी पाचवी: भांडवल, आणि त्यातले खेळते भांडवल

नवीन उद्योगासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या दोन मुख्य वाटा आहेत. केंद्राच्या कार्यक्रमात उत्पादनासाठी पन्नास लाखांपर्यंत आणि सेवेसाठी वीस लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. शहरात की गावात, आणि अर्जदार कोणत्या प्रवर्गातला आहे, यानुसार अनुदान पंधरा ते पस्तीस टक्के मिळते, आणि स्वतःचा वाटा सर्वसाधारण अर्जदाराला दहा टक्के, तर महिलांसह विशेष प्रवर्गांना पाच टक्के घालावा लागतो. यातल्या दोन गोष्टी लोक लक्षात घेत नाहीत. ही योजना फक्त नव्या उद्योगासाठी असल्यामुळे आधी धंदा सुरू करून मग अर्ज केला तर तो नामंजूर होतो. शिवाय अनुदानाची रक्कम हातात पडत नाही, ती तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री पटल्यावर कर्जात वळती होते. तोपर्यंत हप्ते भरावेच लागतात. अनुदान मिळाले की सुटलो, असे समजणाऱ्याची पहिल्याच वर्षी दमछाक होते.

डाळमिल, मोसंबीचा रस, मसाला, पापड असा खाद्यप्रक्रियेचा धंदा असेल, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या पस्तीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान आहे. तारण नसेल, तर बँकेला सीजीटीएमएसई या हमी योजनेखाली कर्ज देता येते. मात्र ती हमी बँकेला असते, तुम्हाला नसते, आणि कर्ज थकले तर वसुली तुमच्याचकडून होते.

या सगळ्या योजना मुख्यतः मशीनला पैसा देतात आणि लहान उद्योग मशीनपेक्षा खेळत्या भांडवलाअभावी जास्त वेळा बंद पडतात. एक साधा हिशेब पाहा. महिन्याची विक्री चार लाख रुपये, त्यात कच्चा माल दोन लाख, मजुरी ऐंशी हजार, भाडे-वीज-किरकोळ चाळीस हजार, म्हणजे खर्च तीन लाख वीस हजार. माल तयार व्हायला पंधरा दिवस आणि बिल दिल्यावर पैसे यायला साठ दिवस धरले, तर पहिला रुपया येण्याआधी अडीच महिन्यांचा, म्हणजे आठ लाखांचा खर्च तुम्ही खिशातून केलेला असतो. शिवाय अठरा टक्के दराने विक्रीवरचा जीएसटी बहात्तर हजार आणि खरेदीवरची वजावट छत्तीस हजार, म्हणजे दरमहा छत्तीस हजार रुपये गिऱ्हाइकाने पैसे दिले नसले तरी पुढच्या महिन्यात सरकारला भरावे लागतात. हे आठ-नऊ लाख जमवण्याची सोय नसेल, तर गिऱ्हाइकाने दिलेल्या मालावर फक्त मजुरीचे जॉबवर्क घ्या. नफा कमी दिसतो, पण कच्च्या मालात पैसा अडकत नाही. पहिल्या दोन वर्षांसाठी मी बहुतेकांना हेच सांगतो.

पायरी सहावी: पैसे वेळेवर वसूल करण्याची तयारी

ही पायरी मी सविस्तर लिहितो आहे, कारण तिची किंमत मी स्वतः मोजली आहे. माझे छोटे फॅब्रिकेशन शॉप असताना एका पुरवठादाराकडे माझे तीन लाख ऐंशी हजार रुपये अकरा महिने अडकले होते. माल गेला होता, वापरलाही गेला होता. पण शेवटच्या दोन खेपांच्या चलनांवर फक्त गेटवरच्या पहारेकऱ्याची सही होती, स्टोअरचा शिक्का नव्हता, आणि ‘माल आमच्याकडे जमा झाल्याची नोंद नाही’ एवढ्या एका वाक्यावर ते मला फिरवत राहिले. त्या अकरा महिन्यांत मी दोन कारागीर गमावले, आणि चांगला वेल्डर गेला की तो परत येत नाही.

कायदा लहान उद्योगाच्या बाजूने आहे, पण तो कागदावर चालतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली असली तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत, द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर ही मुदत पंधरा दिवसांची आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. तक्रार सरकारी संकेतस्थळावरून करता येते आणि ती अशा तक्रारी ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेपुढे जाते. त्याखेरीज आयकराच्या नियमांनुसार, मुदत उलटून वर्षअखेरीसही न दिलेली ही रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च महिन्यात त्याचा हिशेबनीसच तुमच्या बिलाची आठवण काढतो.

या संरक्षणाचा उपयोग व्हावा म्हणून पुढील सवयी पहिल्या चलनापासून लावून घ्या. उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. लेखी पर्चेस ऑर्डरशिवाय माल पाठवू नये. चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर स्टोअरचा शिक्का, तारीख आणि नग लिहून घेतल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर आणू नये, यासाठी ड्रायव्हरला जास्तीचा अर्धा तास थांबावे लागले तरी चालेल. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणे रकमेचा ताळा गिऱ्हाइकाकडून ई-मेलवर मान्य करून घ्यावा. परिषदेकडे जाणे हा शेवटचा उपाय आहे, कारण तिथे गेल्यावर ते गिऱ्हाईक बहुधा तुटते. परंतु तक्रार करण्याजोगी फाइल तुमच्याकडे तयार आहे, हे समोरच्याला माहीत असले की तिथवर जाण्याची वेळ कमी येते.

अडीचशे कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिल-वटणावळ मंचावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. तुमचे गिऱ्हाईक त्या गटात असेल, तर आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज किंवा इनव्हॉइसमार्ट यांपैकी ज्या मंचावर ते आहे तिथे तुम्हीही नोंदणी करा. कंपनीने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडी वटणावळ कापून पैसे लगेच मिळतात. पुढे कंपनीने पैसे दिले नाहीत, तरी बँक ते तुमच्याकडे मागत नाही.

कारखान्याबाहेरचे काम

सगळ्यांनी लेथच घ्यावी असे नाही. मुंबई-नाशिककडून शिर्डी, वेरूळ, घृष्णेश्वर आणि अजिंठ्याला येणारा प्रवास समृद्धीमुळे कमी तासांचा झाला आहे. पैठणची पैठणी, संभाजीनगरचा हिमरू, जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा या गोष्टींना नाव आहे. यांपैकी पैठणी, मोसंबी, सीताफळ आणि केसर आंब्याला भौगोलिक मानांकनही आहे. मात्र मानांकन गावाला मिळाले म्हणून प्रत्येकाला ते लेबल आपोआप वापरता येत नाही. विणकराने किंवा बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. ती केलेली माणसे फार थोडी आहेत, म्हणून आजच केली तर तिचा फायदा जास्त. यंत्रमागावरची नक्कल आणि हातमागाची पैठणी ग्राहकाला शेजारी शेजारी ठेवून दाखवा, हातमागाच्या पदराची मागची बाजू उलटून दाखवा. पुढच्याइतकीच स्वच्छ नक्षी मागे पाहिली की किमतीवरची घासाघीस कमी होते.

सरकारी खरेदीचीही एक वाट आहे. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांना त्यांच्या वार्षिक खरेदीपैकी किमान पंचवीस टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी लागते. त्यातील चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि तीन टक्के महिलांच्या उद्योगांसाठी राखीव आहेत. जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांना निविदेची बयाणा रक्कम सहसा माफ असते. कार्यालयीन फर्निचर, गणवेश, छपाई, स्वच्छता साहित्य बनवणाऱ्यांनी याकडे जरूर पाहावे.

प्रशिक्षणासाठी दूर जायची गरज नाही. चिकलठाण्यातील इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसी, टूल डिझाइन आणि मापनाचे अभ्यासक्रम आहेत, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि नवीन कल्पना घेऊन येणाऱ्यांसाठी मॅजिक हे इन्क्युबेशन केंद्र, म्हणजे नव्या उद्योगांना उभे राहायला मदत करणारे केंद्र, आहे. वर सांगितलेल्या ब्रॅकेटवाल्या तरुणाने पुढे टूल रूममध्ये मापनाचा छोटा अभ्यासक्रम केला, आणि आता त्याच्या टेबलावर ड्रॉइंगमधल्या सूचनांखाली लाल रेघ मारण्यासाठी एक पेन कायम असतो.

पायरी सातवी: दुसरे गिऱ्हाईक

पहिले काम नियमित सुरू झाले की त्याच गिऱ्हाइकाकडे सगळी क्षमता देण्याचा मोह होतो, कारण ते सोयीचे असते. मी असे सुचवतो की दीड वर्षाच्या आत एका गिऱ्हाइकाचा वाटा विक्रीच्या निम्म्याच्या खाली आणावा, आणि दुसरे गिऱ्हाईक शक्य तर वेगळ्या उद्योगातले असावे. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा फक्त दुचाकीच्या सुट्या भागांवर चालणाऱ्या वर्कशॉपांच्या पाळ्या कमी झाल्या. शेतीची अवजारे, बियाणे प्रक्रियेची यंत्रे किंवा जालन्याच्या पोलाद उद्योगाची देखभाल अशी दुसरी कामे हाताशी असणाऱ्याला अशा वेळी निदान पगार तरी भागवता येतात.

बिडकीनमध्ये येणाऱ्या कारखान्यांत विजेवर चालणाऱ्या वाहनांचा भाग मोठा असणार आहे, हेही आत्ताच ध्यानात घ्यावे. विजेच्या स्कूटरला सिलिंडर, पिस्टन, क्लच, सायलेन्सर लागत नाही. तिला ॲल्युमिनियमचे आवरण, बॅटरीचे खोके, वायरिंग हार्नेस, बसबार, ब्रॅकेट, प्लॅस्टिकचे साचे आणि भरपूर फास्टनर लागतात. इंजिनाच्या भागांसाठी खास उपयोगी पडेल असे महागडे मशीन आज कर्जाने घेण्यापेक्षा, ॲल्युमिनियमचे मशिनिंग आणि पत्र्याचे काम दोन्ही करू शकेल असे साधे व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मशिनिंग सेंटर) आणि प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचे मशीन) यांची माहिती काढावी. चिकलठाण्यात किंवा वाळूजमध्ये वापरलेले मशीन विकाऊ असेल, तर ते बंद अवस्थेत न पाहता त्याच्यावर स्वतःच्या ड्रॉइंगचा एक तुकडा बनवून, मोजून, मगच विसार द्यावा.